खिडकीतला कोटवाला

रंगवाल्या बाईंकडे रोज दुपारी एक परका पुरुष येऊन बसतो, आणि तोही उघड्या खिडकीत! ही कुजबुज गल्लीत उठली तेव्हा मी समोरच्या न्हाव्याकडे तोंडाला साबण फासून बसलो होतो. म्हणजे बातमी मला अगदी वाफाळती मिळाली. न्हाव्याने वस्तरा हवेतच थांबवला आणि आरशातूनच मला वरचा मजला दाखवला. खरंच की! काळ्या कोटाचा एक खांदा आणि कोपरात वाकलेली बाही. चेहरा चौकटीच्या आड.

"कधीपासून बसलाय रे?"

"जेवणं झाल्यापासून. हललेला नाही बघा. चहासुद्धा घेत नाही."

"मग प्रकरण गंभीर आहे," मी म्हणालो.

बाईंचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षरांच्या रेघा तो आखायचा, आत रंग भरायच्या बाई, आणि कोपऱ्यात सही अर्थातच त्याची. तो गेला, तसं बाईंनी शिडी आपल्या खांद्यावर घेतली. घर चाललं. पण बाईंचा जीव अडकलेला माणसांच्या चेहऱ्यांत. भाजी घेतानाही त्या भाजीवाल्याच्या भुवयाच न्याहाळत राहायच्या. तो बिचारा उगाच मिशी सारखी करून दोन मिरच्या जास्त टाकायचा. शेवटी वाचनालयाने आपल्या दिवंगत संस्थापकांचं मोठं तैलचित्र त्यांना सांगितलं. पुढ्यात एक पुसट फोटो, बस. हे जमलं तर चेहरे रंगवणारी म्हणून नाव होणार होतं. बिघडलं तर जन्मभर 'येथे सायकली दुरुस्त होतील'.

चित्र चाललं होतं पुढच्या खोलीत, त्या खिडकीपाशी. खिडकी उत्तरेची. तिथे ऊन येत नाही, त्यामुळे सावल्या दुपारभर जागच्या जागी राहतात. चित्रकाराला हे सोन्याहून मोलाचं. गल्लीला मात्र उत्तर-दक्षिणेशी काय देणंघेणं? गल्लीला कोट दिसत होता.

त्यातच एके दिवशी न्हावी धावत माझ्याकडे आला. "अहो, कहर झाला! बाईंच्या सासूबाई स्वतः त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत होत्या!"

"सासू? सुनेच्या…"

"फडक्याने! आणि तो तसाच ढिम्म!"

आता सासूही सामील म्हटल्यावर घरमालकाला गप्प बसवेना. तो जिना चढला आणि दारातच उभा राहिला. बाईंनी दार हातभर उघडून मधे पाय रोवला. आम्ही खाली कान देऊन होतोच.

"वहिनी, चार लोक बोलतात."

"मग चौघांना घसा दुखेपर्यंत बोलू द्या, मालक."

"आत कोण असतं तेवढं सांगा. नाहीतर खिडकीला पडदा लावा."

"पडदा लावला तर उजेड जाईल. आणि कोण असतं ते सांगणार नाही."

"मग महिनाअखेरीस खोली रिकामी करा!"

दार बंद झालं. पुढचं संभाषण मला नंतर सासूबाईंनीच ऐकवलं, दोघींच्या आवाजांत, हातवाऱ्यांसकट.

"अगं सूनबाई, दार सताड उघड आणि दाखव एकदाचं! तोंडं काळी होतील मेल्यांची."

"दाखवते. पण उद्या दुसरं कुणी समोर बसलं, की परत दाखवू? परवा तिसरं? माणसं समोर बसवणं हाच धंदा करायचाय मला, आई. आज खुलासा केला तर प्रत्येक चेहऱ्यामागे एक खुलासा करत बसावं लागेल."

"आणि छप्पर गेलं तर?"

"तर खिडकी बघून दुसरं घेऊ. पण आधी याच खिडकीत बसून बघते."

सासूबाई म्हणाल्या, "मी काय बोलणार? हट्टात ती माझ्यावरच गेलीय, आणि पोटची नसताना!"

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली नवी पाटी लटकली. अक्षरं अशी टपोरी, की माझ्यासारख्याला चष्म्याशिवाय वाचता यावीत: 'माणसांची चित्रे समोर बसवून काढली जातील. पडदा लावला जाणार नाही.' कोपऱ्यात सही बाईंची.

गल्ली दोन दिवस गप्प होती. आमच्या गल्लीत एवढी शांतता मी जन्मात पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी न्हाव्याने ॲप्रन सोडला, भांग पाडला आणि मला म्हणाला, "चित्रबित्र काही नाही हो. तो कोण आहे ते फक्त बघून येतो."

वर त्याला खुर्चीत बसवलं. तो मान वळवून खोली शोधू लागला.

"कोटवाले कुठायत, बाई?"

"त्यांची बैठक संपली. तुम्ही हनुवटी वर घ्या. आता हलू नका."

समोरच्या दुकानातून त्याची बायको ओरडली, "अहो, जरा हसा की! घरी असता तसे काय बसलाय?"

अख्खी गल्ली हसली, आणि त्या हसण्यात कुजबुजीचा निम्मा जीव गेला. न्हाव्याचं चित्र आजही दुकानात आहे. चेहरा सोज्वळ, पण कान असे टवकारलेले, की तोच म्हणतो, "बाईंनी मला बरोबर पकडला." ते पाहून भाजीवाला वर गेला, मग शिंपी. वाचनालयात संस्थापक भिंतीवर चढले, आणि त्यांच्या बाहीला हात लावून बघायची लोकांना खोडच लागली. मग मालकाच्या बायकोनेही मालकाला वर धाडलं. खोली रिकामी करायचा दिवस उजाडला तेव्हा मालक स्वतः त्या खिडकीत बसले होते, आणि त्यांना हलायची परवानगी नव्हती.

बाईंनी खुलासा कधीच केला नाही. सासूबाईंनी केला, तोही पुष्कळ वर्षांनी, आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

तो माणूस लाकडाचा होता. शिंप्याने टाकून दिलेला पुतळा. अंगावरचा कोट संस्थापकांचा, त्यांच्या घरून मागून आणलेला, आणि बाहीला नीट चुण्या पडाव्यात म्हणून आत सासूबाईंच्या जुन्या उशीचा कापूस भरला होता.