बाईंचे गुडघे

“माझे गुडघे गं, माझे गुडघे!” असं म्हणत, दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई तिसऱ्या पायरीवर बसायच्या. वेळ ठरलेली. आत आरतीची घंटा वाजली, की बाहेर बाईंचे गुडघे दुखायला लागत.

हेच गुडघे सकाळी टाकीत पाणी आलं का ते बघायला लोखंडी शिडीवरून गच्चीवर जात. दोन हातांत भाजीच्या दोन पिशव्या घेऊन रविवार कारंज्यापासून पंचवटीपर्यंत चालत येत. स्वयंपाकाच्या मावशींनी एकदा विचारलंच, “बाई, शिडी चढताना कुठं जातं ओ ते दुखणं?”

“त्याला संध्याकाळचंच कळतं,” बाई म्हणाल्या आणि मेथी निवडायला लागल्या.

आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

वसतिगृहात आरती सक्तीची होती. जिला अडचण असेल तिने मात्र आत यायचं नाही, बाहेर पायऱ्यांवर बसायचं. हा नियम बाईंच्याही आधीपासूनचा. त्यांनी तो काढायला सांगून पाहिला होता, पण संस्थेच्या मंडळींनी ऐकलं नाही, असं मावशी सांगत. त्यामुळे या महिन्यात कोण पायरीवर बसली आणि कोण नाही, हे सगळ्या मुलींना आपोआप माहीत असायचं.

मी नाशिकला आले ती दहावीनंतर. वणीच्या पुढचं आमचं गाव. घरात दहावीपुढे गेलेलं कुणीच नव्हतं. नव्वदीची वर्षं होती. वडिलांनी, म्हणजे नानांनी, टोमॅटोच्या गाडीतून मला आणि माझ्या पत्र्याच्या पेटीला आणून सोडलं. निघताना गडावरच्या देवीला आईने माझ्या वतीने नवस बोलला होता. पदवीधर होईपर्यंत पोरगी मंगळवार आणि शुक्रवारचे उपास करील. मी माझ्या मनाने सोमवार, गुरुवार वाढवले. देवीकडून मार्क जरा जास्तच हवे होते.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, “पाळी वेळेवर येते का गं?” असं, मोठ्या आवाजात, फाटकापाशी, रिक्षावाल्यासमोर. मी मान खाली घातली. आमच्याकडे हा शब्दच नव्हता. आमच्याकडे कावळा शिवायचा.

“कावळा?” बाई म्हणाल्या. “त्याला रामकुंडावर काय कमी काम आहे?”

वयात येऊन मला दीड-दोन वर्षं झाली होती. पाळी कधी यायची, कधी महिना चुकवायची. नाशिकला आल्यावर ती येईनाशी झाली. दिवाळीत घरी गेले. चांगले तीन आठवडे होते, पण बाजूला बसायची वेळ आली नाही. आईने काही विचारलं नाही. संक्रांतीलाही तेच. तेव्हा मात्र भाकरी थापता थापता तिने विचारलं, “तिकडं कोनी भेटत-बिटत नाय ना तुला?” मला प्रश्न कळला आणि मी घाईघाईने नाही म्हणाले. मामांनी एक स्थळ आणून ठेवलं होतं, हेही त्याच दिवशी कळलं.

परत आल्यावर मला वाटलं, इथल्या मुलींनीही हिशेब केला असणार. म्हणून एका संध्याकाळी अडचण नसताना मी पायरीवर जाऊन बसले.

बाई आल्या. गुडघे, तिसरी पायरी, सगळं नेहमीसारखं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जास्त दुखतंय का?” त्यावर मला जे रडू फुटलं ते आत घालीन लोटांगण सुरू झालं तरी थांबेना. मी सगळं सांगून टाकलं.

बाईंनी माझे डोळे पुसले नाहीत की पाठीवरून हात फिरवला नाही. म्हणाल्या, “हे बघ, मला यातलं कळत नाही. तुलाही नाही. तुझ्या आईलाही नाही. ज्यांना कळतं त्यांना विचारू. उद्याच.”

पण दुसऱ्या दिवशी आम्ही निघण्याआधीच नाना आले. फाटकाबाहेर जीप उभी.

“बाई, पोरीला न्यायला आलोय. पेटी आनायला सांगा.”

“का हो भाऊ?”

नाना टोपी काढून हातात फिरवू लागले. “तिच्या मायचा जीव लागत नाय.”

“तिची पाळी आली नाही म्हणून का?” बाई म्हणाल्या. फाटकापाशीच, तोच आवाज. नाना पार रस्त्याच्या पलीकडे बघायला लागले. जीपचा ड्रायव्हर उगाच बॉनेट उघडून आत वाकला.

“न्यायची तर न्या. पण आधी दवाखाना. तुम्हीही चला.”

डॉक्टरीणबाईंनी मला पुष्कळ प्रश्न विचारले, वजन केलं, रक्त-लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर नानांना आत बोलावलं. “बसा काका. तुमच्या मनात आहे तसं काहीही नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मुलींची पाळी अशी मागेपुढे होते. पण इतके महिने आलीच नाही तर दाखवायला हवं, ते तुम्ही केलंत. हिचं वजन फार कमी आहे. रक्तही कमी आहे. खाते काय ही?”

“चहा,” बाईच म्हणाल्या. “आणि उपासाचे शेंगदाणे. आठवड्यातले चार दिवस.”

गोळ्या दिल्या, पोटभर जेवायला सांगितलं, पुन्हा दाखवायला बोलावलं. बाहेर आल्यावर नानांनी गोळ्यांची पुडी खिशात ठेवली. मग म्हणाले, “देवीला बोललेलं फेडावं लागतं बाई.”

“फेडा की. पण तिच्या पोटातून कशाला?”

जीप निघाली. होळकर पूल आला, गेला. फाटकाशी उतरल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर घातली. “मंगळवार, शुक्रवार मी धरतो. तिच्या नावानं. देवी समजून घेईल.”

“आणि हिचे सोमवार, गुरुवार?”

“तेबी धरतो.”

“सगळे नका धरू. मग तुम्हाला दाखवायला आणावं लागेल.”

नाना हसले. मला न्यायला आलेला माणूस हसला, तेव्हाच मला कळलं की पेटी जागेवरच राहणार.

मावशी मला रोज एक भाकरी जास्त वाढू लागल्या. उन्हाळा लागताना एका संध्याकाळी मी पायरीवर जाऊन बसले. बाई आल्या. शेजारी बसून, आयुष्यात पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “खरंच?”

“खरंच.”

बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि दोन पायऱ्या एका उडीत उतरून मावशींना हाक मारायला निघाल्या. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं. माझ्याकडे वळून पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि हळूहळू परत येऊन बसल्या. “माझे गुडघे गं,” म्हणाल्या.

मी तेव्हा हसले नाही.

नानांनी माझा बीएचा निकाल लागेपर्यंत उपास केले. पुढे मी सुरगाण्याकडे शाळेत शिकवायला लागले. बाई निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला ते कळलं तेव्हा त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं.

त्यानंतर एकदा माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रवेशासाठी मी वसतिगृहात गेले होते. नव्या रेक्टर ऑफिसात होत्या. बोलणं संपून बाहेर पडले आणि आत आरतीची घंटा वाजली. पायऱ्यांवर एक मुलगी एकटीच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. मला बघून ती अंग चोरून सरकली.

माझी शेवटची जीप चुकणार होती. मी दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबले.

“माझे गुडघे गं,” म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले.