खंडेनवमीची उदबत्ती

आमच्या संचालकांच्या साठीनिमित्त अंबडला सत्कार ठरला, तेव्हा समितीच्या एका गृहस्थांनी मला फोन केला. "प्रयोगशाळेत तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळ होतात. चार गोड आठवणी सांगा." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की त्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्याला प्रेमाचं भरतं आलंय. माझ्याजवळ आठवण एकच होती आणि ती गोड नव्हती.

सरकारी पशुवैद्यक म्हणून निवृत्त झाल्यावर मी नवीन जालन्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत लागलो होतो. तिथं चांगल्या गाईंची बीजांडं काढून, निवडक वळूच्या वीर्याशी काचेच्या ताटलीत त्यांचा मेळ घालून भ्रूण तयार करत. तो भ्रूण पुढं एखाद्या साध्या गाईच्या पोटात वाढायचा, वासरू मात्र चांगल्या गाईचं. माझं काम निवडीचं. अंडाशयातून सुईनं ओढलेलं पाणी कोमट ताटलीत घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजांडं शोधायची. नुसत्या डोळ्यांना तो खसखशीपेक्षा बारीक ठिपका. भिंगाखाली त्याची जात कळते. चांगल्या बीजांडाला पेशींचे थर चहूबाजूंनी घट्ट बिलगलेले असतात आणि आतला गर एकसारखा दिसतो. थर विरळ असले तर ते दुय्यम. उघडं पडलेलं, किंवा भोवतीच्या पेशी पिंजलेल्या कापसासारख्या सुटलेल्या असतील, तर टाकून द्यायचं. जालना बियाण्याचं गाव, निवड म्हणजे काय हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. अवघड असतं ते लोभ आवरणं. ताटलीत कमी निघाली की उघडं बीजांडही बरं वाटायला लागतं. ते मी कधी उचललं नाही. त्या एका बाबतीत माझी मान ताठ आहे.

एका दसऱ्याच्या तोंडावर अंबडकडच्या खेड्यातून एक बाई आपली लाल कंधारी गाय घेऊन आल्या. मेंढरं सोडून गाई धरलेलं घर. गाय त्यांनीच लहानाची मोठी केलेली, आणि तिच्या कालवडींसाठी लोक आधीपासून सांगून ठेवायचे. त्या घराची पत त्या गाईवर उभी होती.

"डाक्टर, दुखंल का हो तिला?"

"कंबरेत भूल देतो, बाई. तिला कळायचंही नाही."

"तुम्हाला काय म्हाईत, तिला कळतं का न्हाई? मी हितंच उभी राह्यते."

त्या गाईच्या मानेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मी ताटली घेऊन सूक्ष्मदर्शकाशी बसलो आणि एकट्यालाच हसू आलं. गच्च थर, एकसारखा गर, एकामागून एक. इतकी देखणी ताटली माझ्या नजरेखालून फार थोड्या वेळा गेली असेल. बाहेर येऊन मी बाईंना सांगितलं, "एक नंबर." त्यांनी ते गाईच्या कानात सांगितलं. मी बीजांडं पिकायला इन्क्युबेटरमध्ये ठेवली. त्याच कप्प्यात संचालकांच्या स्वतःच्या गाईचीही होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सुतार करवत पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, तशी संचालकांनी प्रयोगशाळा पुजायला काढली. त्या खोलीत आम्ही अत्तर लावून जात नव्हतो, फरशीला फिनाईल लावत नव्हतो, कारण बीजांडाला धूर आणि उग्र वास सोसत नाही. तिथं त्यांनी बोलावलेले पाहुणे धूप, कापूर आणि उदबत्त्यांचा जुडगा घेऊन शिरले.

"सर, पूजा बाहेर करू. आत माल आहे."

"डॉक्टर, वर्षातून एकदा देवाचं नाव घेतल्यानं काही मरत नाही. तबक धरा."

मी तबक धरलं. संचालकांनी इन्क्युबेटरचं दार सताड उघडलं, "हे आमचं गर्भगृह," असं पाहुण्यांना सांगितलं आणि आत उदबत्ती ओवाळली. फोटो नीट येईना म्हणून पुन्हा ओवाळली. तबक तोवर माझ्याच हातात होतं.

त्या कप्प्यातला एकही भ्रूण तयार झाला नाही. बाईंच्या गाईचा नाही, संचालकांच्या गाईचाही नाही. आपल्या गाईबद्दल ते म्हणाले, यंत्रानं दगा दिला. बाईंच्या गाईबद्दल म्हणाले, बीजांडंच फालतू.

हे त्यांनी खोलीत म्हटलं असतं तर मी कदाचित गिळलं असतं. पण पुढच्या पशुप्रदर्शनात ते माईकवरून बोलले. "ही लाल गाय बघा. दिसायला राणी, आतून पोकळ!" मांडव हसला. बाई गाईचा दोर धरून समोर उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली, "डाक्टर, तुम्ही पाह्यलंय ना? सांगा की मंग!"

मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "सर म्हणतात ते बरोबर आहे."

त्यानंतर त्यांच्या गोठ्यातल्या कालवडींना गिऱ्हाईक फिरकलं नाही. नोकरी मी पुढंही केली. झोप मात्र तेव्हापासून नीट नाही.

म्हणून सत्काराचं बोलावणं आल्यावर मी आधी बाईंच्या गावी गेलो. त्या गोठ्यातच होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. म्हटलं, सगळं लिहून छापतो.

"छापलेलं कोण वाचतं? लोकांपुढं बुडिवलं, लोकांपुढं वर काढा. माईकवर."

सत्काराला त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या. संचालकांच्या गळ्यात हार, डोक्यावर फेटा. मी गोड सुरुवात केली. "सर, खंडेनवमीची उदबत्ती आठवते का?" ते हसले, मानही डोलावली. मग मी दार उघडल्यापासून सगळं सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना सावकाश पाहिलं. घाई केली नाही. इतकी वर्षं वाट पाहिली होती. एकाच कप्प्यात त्यांचीही बीजांडं मेली, तरी नाव एकाच गाईचं खराब केलं, इथवर आलो आणि कुणीतरी माईक बंद केला.

बाई उभ्या राहिल्या. "आता सांगा, माझ्या गाईची कशी होती?"

"एक नंबर!" मी घसा ताणून ओरडलो.

"काय म्हणले?" मागून कुणीतरी विचारलं.

"एक नंबर म्हणले!" बाई वळून म्हणाल्या. "आन् तुम्ही हसल्ते तवा!"

संचालक आता सांगत फिरतात की म्हातारा चळलाय. परवा जालन्यात मस्तगडला एका दुकानापुढं समोरासमोर आलो, तर ते रस्ता ओलांडून गेले. मी मुद्दाम मोठ्यानं नमस्कार घातला. फार बरं वाटलं.

मागच्या आठवड्यात पुन्हा बाईंकडं गेलो. कालवडीसाठी माणसं यायला लागलीत म्हणाल्या.

"मग दिली का?"

"न्हाई दिली. तवा दात काढून हसल्ते, आता येऊन राह्यले. जाऊ द्या रिकाम्या हातानं."

मी खूश होऊन मान डोलावली. त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. दारात त्या गाईची लेक नुकतीच व्यालेली, चरवी दुधानं भरलेली. माझ्या कपात कोरा चहा होता.

"तुम्ही हसले न्हाईत," बाई म्हणाल्या, "पर सर म्हणतात ते बराबर, आसं तुम्हीच म्हणले."

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.