आठ दिवसांचं बी

माझी आत्या सव्वीस वर्षं रोपवाटिकेत आहे. बी नुसतं तळहातावर घेऊन ती सांगते, हे रुजेल की नाही. तिला बियांबद्दल शिकवायला जाऊ नये, एवढी अक्कल तिथल्या माळ्यांनाही आहे. नवीन साहेबांना नव्हती.

आमच्या गावाचं पाणी डोंगरावरच्या रानातल्या ओढ्याचं. त्याच्या काठाची माती धरून ठेवणारी मोठी झाडं एकेक करून तुटली आणि त्या जातीचं फळणारं एकच उरलं. तेही सहा-सात वर्षांतून एकदा फळतं. यंदा फळलं. आत्याने उतारावर गुडघे सोलवटून दोन पोती बी वेचलं आणि जमा केल्याच्या कागदावर ऐटीत सही ठोकली.

हे बी वाळलं की मेलं. ओलं असतानाच, आठ दिवसांत, मातीत जायला हवं. साहेबांनी हुकूम काढला: वाळवा, डब्यांत भरा, शीतघरात ठेवा. पेरणी पुढच्या महिन्यात, पाहुण्यांच्या हस्ते.

"अहो साहेब, हे काय गहू आहेत? मरेल ते!"

"मावशी, नियम सगळ्या बियांना सारखा."

"बियांना वाचता येतो का तुमचा नियम?"

पालथ्या घड्यावर पाणी. शीतघराला कुलूप लागलं. आत्या रोज त्या दारापाशी जाऊन भांडायची, आणि साहेब तिला चहा पाजून परत पाठवायचे. त्या चहाचा मला आजही संताप येतो.

दहाव्या दिवशी डोंगरावर करवत वाजली. आत्या धापा टाकत वर पोचली तोवर झाड आडवं झालं होतं. रस्ता रुंद करायचा होता म्हणे. मुकादमाने तिच्यापुढे परवानगी धरली: 'बियाणे सुरक्षित जमा झाले असल्याने झाड तोडण्यास हरकत नाही.' पुरावा म्हणून मागे एक कागद टाचला होता. त्यावर आत्याची सही होती.

पेरणीच्या दिवशी मांडव, खुर्च्या, पाहुणे. डबे उघडले. आत्याने कमरेचा चाकू काढला आणि एक बी चिरलं. आत काळं. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. टेबलाच्या पांढऱ्या कापडावर ती चिरतच राहिली.

"मावशी, पाहुण्यांसमोर नको," साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"मग कुणासमोर चिरू? ज्याचं होतं त्याला तर तुम्ही कापलंत!"

पाहुण्यांनी टाळ्यांसाठी उचललेले हात मांडीवर ठेवले. साहेबांची पुढे बदली झाली, तीही बढतीवर. पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याचा काठ खचला. आता आमच्या नळाला चार दिवस गाळ येतो आणि पाचव्या दिवशी काहीच येत नाही.

आत्या अजून कामावर जाते. हजेरीच्या वहीत मात्र अंगठा उठवते. कारकून चेष्टा करतो, "काय मावशी, लिहायला विसरलात?" ती अंगठ्याची शाई पदराला पुसते आणि वाफ्यांकडे वळते. ती चाळिशीत असताना तिचा हात धरून तिला ती सही मीच गिरवायला शिकवली होती.