कंडक्टरबाईंची डावी भुवई

लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा इथं माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. नवरा सकाळी सातला बेलापूरच्या ऑफिसला निघून जायचा आणि नवीन पनवेलच्या त्या दोन खोल्यांत मी दिवसभर एकटी. साताऱ्याला असताना कॉम्प्युटरवर डिझाइनचा कोर्स केला होता. त्या बळावर स्टेशनच्या पलीकडे, जुन्या पनवेलमधल्या एका फोटो स्टुडिओत नोकरी धरली. ही दोन हजार सात-आठच्या सुमाराची गोष्ट.

काम ठरलेलं असायचं. लग्नाचे अल्बम जुळवायचे आणि चेहरे गोरे करायचे. तीळ, पुटकुळ्या, कांजिण्यांचे खड्डे, डोळ्यांखालचं काळं, सगळं घासूनपुसून टाकायचं. नवरी उरणची असो की खोपोलीची, माझ्या हाताखालून गेली की सगळ्या एकाच आईच्या मुली दिसायच्या. एका दिवसात मी चाळीस चेहरे करायचे. मालक आल्यागेल्याला सांगायचे की हिच्या हाताला वेग आहे, आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एक ब्यूटी पार्लर होतं. ते चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली आपा म्हणायची. पंचेचाळिशीच्या, कोकणी मुसलमान, माहेर उरणचं. त्यांचा नवरा कुवेतला नोकरीला होता. त्याही सात वर्षं तिकडे राहून आल्या होत्या आणि तिथल्या एका मोठ्या सलूनमध्ये मेकअप शिकल्या होत्या. सासू आजारी पडली म्हणून परत आल्या, आणि सासू गेल्यावर इथंच राहिल्या. बोलायच्या हळू. समोरच्याच्या चेहऱ्याकडे इतकं लक्ष देऊन बघायच्या की पहिल्या भेटीत मला अवघडल्यासारखं झालं होतं.

एकदा त्या स्टुडिओत आल्या त्या पार्लरच्या नव्या पाटीचं काम घेऊन. पाटीवर कुठलं चित्र टाकायचं म्हणून मी त्यांना आमच्याकडची सीडी दाखवली. सोनेरी केसांच्या, निळ्या डोळ्यांच्या बायकांचे तीस-चाळीस फोटो होते. पनवेलमधल्या निम्म्या पार्लरांच्या पाट्यांवर त्यातलीच कुणी ना कुणी होती. आपांनी शांतपणे सगळे बघितले आणि म्हणाल्या, "यातली एकसुद्धा कधी माझ्या खुर्चीत बसलेली नाही."

त्यांना इथलाच चेहरा हवा होता, पण साधासुधा फोटो नको होता. नीट मेकअप केलेला, नीट प्रकाश टाकलेला, मासिकाच्या कव्हरवर शोभेल असा हवा होता. फोटो मी काढीन का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला फक्त पासपोर्टचे फोटो काढता येतात. त्या म्हणाल्या, बटण तू दाब, बाकीचं आपण बघू.

चेहरा त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. पनवेल डेपोत एक बाई कंडक्टर होत्या, राहायला आपटा गावात, वय पस्तिशीच्या आसपास. दर महिन्याला ड्यूटी सुटली की खाकी कपड्यांतच त्या आपांकडे भुवया करायला यायच्या. रंगाने सावळ्या, गालाची हाडं वर आलेली, मान लांब. डाव्या भुवईला मधोमध चिरल्यासारखी एक खूण होती, तिथं केस उगवत नसत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी कर्नाळ्याच्या वळणावर ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि त्या समोरच्या दांडीवर आपटल्या, तेव्हाची ती.

आपांनी विचारल्यावर आधी त्या हसल्याच. मग चार-पाच दिवस विचार केला, आणि येत्या सुट्टीच्या दिवशी येते म्हणाल्या.

मालकांनी स्टुडिओच्या सुट्टीच्या दिवशी खोली वापरायला दिली. सकाळी दहाला आम्ही तिघी जमलो. मेकअपलाच दोन तास गेले, आणि ते दोन तास मी स्टुलावर बसून नुसती बघत होते. लग्नात मेकअप करणाऱ्या बायका गोऱ्या रंगाची एकच बाटली घेऊन यायच्या आणि मानेपर्यंत थापून मोकळ्या व्हायच्या. आपांनी हाताच्या मागच्या बाजूवर तीन रंग घेतले, बोटानं कालवले, कंडक्टरबाईंच्या हनुवटीखाली लावून बघितले, पुसले, पुन्हा कालवले. असं पाच वेळा. शेवटी लावलेला रंग कुठे सुरू झाला आणि कातडी कुठे संपली ते मला सांगता आलं नसतं. पापण्यांवर तांब्याच्या भांड्यासारखा रंग आला, कडेला बारीक काजळ. गालांच्या उंचवट्यावर त्यांनी व्हॅसलिनचं बोट फिरवलं. केस तेल लावून मागे चापून बसवले. गणवेशाच्या कॉलरमुळे मानेवर उन्हाची एक रेघ उमटली होती, तीसुद्धा त्यांनी हळूहळू मिटवली. खांद्यांवरून आपली गडद निळी ओढणी गुंडाळली.

भुवईपाशी येऊन त्या थांबल्या. पेन्सिलनं भरू का, असं त्यांनी विचारलं. कंडक्टरबाई म्हणाल्या, तुमाला बरं दिसंल तसं करा. तेवढ्यात मी मध्ये पडले. म्हटलं, राहू दे ना, छान दिसतंय, वेगळं दिसतंय. आपांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग प्रकाश. मी सवयीने चारही दिवे लावले होते. आमच्याकडे तीच पद्धत होती. कुठंच सावली पडू द्यायची नाही. आपांनी एकेक करून तीन विझवले. उरलेला मोठा दिवा, ज्याच्या तोंडावर पांढरं कापड असतं तो, त्यांनी कंडक्टरबाईंच्या बरोबर समोर आणि डोक्याच्या वर चढवायला लावला. एक थर्माकोलचा तक्ता कंडक्टरबाईंच्याच हातात दिला आणि छातीशी आडवा धरायला सांगितला, म्हणजे खालून थोडा उजेड परत चेहऱ्यावर येईल. मी कॅमेऱ्यातून बघितलं. गालांखाली दोन सावल्या पडल्या होत्या आणि नुसत्या त्या सावल्यांनी चेहऱ्याला घाट आला होता. इतके दिवस आम्ही हाच घाट पैसे घेऊन घालवत होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

पण फोटो काही केल्या जमेना. कॅमेरा समोर आला की कंडक्टरबाई ओळखपत्राला बसल्यासारख्या ताठ व्हायच्या. हसा म्हटलं की ओठ आवळायच्या. पन्नास-साठ फोटो झाले, सगळे वाया. त्या स्वतःच कंटाळून म्हणाल्या की तुमी दुसरी कोनी बघा. आपांनी त्यांना पाणी दिलं, थोडा वेळ जाऊ दिला, आणि मग विचारलं, गाडी भरली की घंटी देण्याआधी तू काय करतेस? त्या म्हणाल्या, मागपर्यंत बघते, कोन ऱ्हायलंय का तिकिटाचं.

"मग बघ," आपा म्हणाल्या. "शेवटच्या सीटवर कोण बसलंय?"

कंडक्टरबाईंनी हनुवटी जराशी उचलली. नजर माझ्या डोक्यावरून पार भिंतीच्या पलीकडे गेली. सगळी गाडी आपल्या ताब्यात आहे हे माहीत असलेल्या बाईचा तो चेहरा होता. मी बटण दाबलं. आणखी दोन-तीन काढले, पण जमलेला तो एकच होता.

पुढचे तीन दिवस मी हातातली कामं सांभाळून त्या फोटोवर बसले. या वेळी काहीही गोरं केलं नाही. कातडीवरची छिद्रं राहू दिली. एखादा वाकडा केस, काजळाचा पसरलेला कण, ओढणीची चुरगळ, एवढंच काढलं. भुवईवरची खूण तर मुद्दाम अजून स्पष्ट केली. मला वाटत होतं, आयुष्यात पहिल्यांदाच आपण काहीतरी खरं केलं.

दोघींना बोलावून स्क्रीनवर दाखवलं. आपांचा चेहरा उजळला. कंडक्टरबाई खुर्ची पुढे ओढून खूप वेळ बघत राहिल्या. मग स्क्रीनवर भुवईपाशी बोट ठेवून म्हणाल्या, "हे काडता येतं का?"

मी समजवायला लागले. हीच तर तुमची ओळख आहे, हाच तुमचा खरा चेहरा, असं बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"खरा चेहरा रोज मीच घेऊन फिरते ना, मॅडम," त्या म्हणाल्या. "गाडीत नवीन मानूस चडला की पयलं हेच विचारतो, काय झालं म्हनून. अकरा वर्षं सांगते हाय. फोटोला तरी कोनी इचारू नये."

खरंखुरं करायच्या नादात मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. आपा म्हणाल्या, दिव्याखाली तीन तास ती बसली, तिला हवं तसंच होईल.

कंडक्टरबाई गेल्यावर मी पाच मिनिटांत काम उरकलं. उजवी भुवई उचलली, उलटी केली, डावीकडे चिकटवली. आमच्या धंद्यात हे रोजचंच. दुसऱ्या दिवशी आपांना दाखवलं तर त्यांनी लगेच मान हलवली. हिची डावी भुवई अशी नाही, त्या म्हणाल्या. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तेव्हा त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसल्या.

चार वर्षं दर महिन्याला त्यांनी त्या भुवईवरून दोरा फिरवला होता. कुठला केस कुठल्या दिशेला उगवतो हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. नाकाजवळचे केस सरळ वर जातात, मग बोटभर पुढे ते आडवे पडतात, कडेला एक भोवरा आहे तिथं खाली वळतात. खुणेच्या जागी केस असते तर कसे असते, हेही त्या दोन्ही बाजूंचे केस बघून सांगत होत्या. त्या सांगायच्या आणि मी माउसनं एकेक केस रेखायचे. जाड झाला की त्या म्हणायच्या, पुसून टाक. काळा झाला की म्हणायच्या, टोकाला थोडा तपकिरी असतो. दुपारची नमाज झाली की त्या यायच्या, आणि पार्लरला गिऱ्हाईक आलं की उठून जायच्या. असं आठवडाभर चाललं. चाळीस चेहऱ्यांना लागायचा त्याहून जास्त वेळ आम्ही एका इंचाला दिला. चौथ्या की पाचव्या दिवशी असं झालं की मी केस काढला आणि त्या सांगायच्या आधीच मला दिसलं की तो चुकलाय. त्या नुसत्या हसल्या.

पाटी फ्लेक्सवर छापून आली तेव्हा रंग पिवळट पडला होता, पण तरीही खालून जाणाऱ्या बायका थांबून वर बघायच्या. चांगल्या कागदावर एक मोठी प्रत काढून आपांनी पार्लरमध्ये आरशाशेजारी लावली. नवऱ्या यायच्या आणि म्हणायच्या, मला असंच करा. आपा म्हणायच्या, आधी बस, तुला बघू तर दे. कंडक्टरबाईंना आम्ही लहान प्रत दिली. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली, तिकिटांच्या पेटीत आडवी ठेवली आणि आईला दाखवते म्हणाल्या.

पंधरा-वीस दिवसांनी पार्लरचा जिना चढून एक म्हाताऱ्या बाई आल्या. साठी उलटलेली, काष्टी लुगडं, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. मी तेव्हा आपांकडेच चहाला गेले होते. त्या कंडक्टरबाईंच्या आई होत्या. लेकीला न सांगता आपट्याहून दुसऱ्याच गाडीने आल्या होत्या. त्यांनी पिशवी आपांच्या हातात दिली आणि भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आपांनी खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"दांडी लागायच्या आदी माजी पोर अशीच व्हती," त्या म्हणाल्या.

आपांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि नजर खाली वळवली. मी फोटोकडे बघत राहिले. आम्ही दोघींनी तो चेहरा कधीच पाहिला नव्हता. आजूबाजूच्या केसांवरून अंदाजाने काढला होता, आणि त्याची खात्री आत्ता मिळत होती.

मग त्या बसल्या, चहा घेतला, लेकीच्या ड्यूटीच्या वेळा, भातलावणी, नातवाची शाळा असं बरंच बोलल्या. निघायच्या वेळी पदर डोक्यावरून घेतला आणि दाराशी थांबून जरा लाजत विचारलं, "म्हातारीचा काडता का असा?"

आपांनी त्यांना परत खुर्चीत बसवलं. खिडकीचा पडदा सरकवला आणि त्यांची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवून बघायला लागल्या. येत्या सुट्टीच्या दिवशी खोली मिळेल का ते विचारायला मी स्टुडिओत गेले.