सदतीस नंबरचा जोड

चिंचवडच्या ज्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं बॉयलर जोडले, तिथे वेल्डरला नाव असायचं ते पगारपत्रकापुरतं. एरवी आम्ही नंबर होतो. जोड पुरा झाला की शेजारी पोलादी पंच ठेवायचा, हातोडीचा एक ठोका घालायचा, आणि आपला नंबर लोखंडात कायमचा उमटवायचा. पुढे जोड फुटलाच तर कुणी केला म्हणून चौकशी करत बसायला नको. माझा नंबर सदतीस. माझा जोड एक्स-रे तपासणीत नापास झाल्याचं मला आठवत नाही, आणि माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

मग देशाचे दरवाजे उघडले. बाहेरच्या कंपन्या आत आल्या, आमच्या ऑर्डरी बाहेर गेल्या आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तिच्यात स्वेच्छा कुणाची होती, हे मी अजून शोधतोय. निघताना हत्यारं जमा केली, पण पंच खिशात राहिला. राहिला म्हणजे मी ठेवला. घरी आल्यावर बायकोने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"अहो, निवृत्त होताना लोक घड्याळ आणतात. तुम्ही खिळा आणलात."

खराडीत नगर रोडला मी पत्र्याची शेड टाकली. समोर ज्वारीचं रान होतं, ते बघता बघता काचेच्या इमारतींनी झाकून गेलं. त्या इमारतींतल्या कॉम्प्युटरवाल्या माणसांची ने-आण करणाऱ्या गाड्या दिवसभर पळायच्या, आणि त्याच रस्त्यावरून वाघोलीच्या खाणींतले खडीचे ट्रक. रस्त्याची काय अवस्था असेल ते सांगायला नको. पण कुणाच्या तरी खड्ड्यावरच कुणाची तरी चूल पेटते, तशी माझी पेटली.

गाडीच्या पोटाखाली सबफ्रेम नावाचा पत्र्याचा दणकट सांगाडा असतो. चाकांना धरणारे आर्म त्याच्या कडेला निघालेल्या पत्र्याच्या कानांना बोल्टने अडकवलेले असतात. खड्डे खाऊन खाऊन हे कान मुळाशी चिरतात. शोरूमवाले म्हणत, सगळा सांगाडाच बदला. रस्त्यावरचे वेल्डर भेगेवर भसाभसा भर चढवून मोकळे होत. मी सांगाडा खाली उतरवायचो, गंज साफ करायचो, भेग जिथे संपते तिथे बारीक भोक पाडायचो म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग भेग कोरून काढून थोडं थोडं, थांबत थांबत वेल्डिंग करायचो. काम झालं की पंच काढायचा आणि ठोका. सदतीस. गाडीचं मॉडेल नवं असेल, जोड कारखान्याचा होता.

अशा अकरा गाड्या झाल्या. अकरावी वाघोलीकडच्या एका टॅक्सीवाल्याची. तिशीतला पोरगा, बोलण्यात गाव, पण गाडी लखलखीत. दोन महिन्यांनी तो परत आला.

"काका, खालून टकटक आवाज येतोय. बघा की जरा."

"माझ्या जोडातून नाही येणार. खड्डे चुकवत जा," मी जागेवरूनच म्हणालो. हातातला चहाचा ग्लाससुद्धा खाली ठेवला नाही.

तो हलला नाही. "बघा तरी. रोज सहा मानसं बसत्यात माझ्या गाडीत."

त्याचं तोंड बंद करावं म्हणून मी गाडीखाली शिरलो. जोड अगदी शाबूत होता. मी बाहेर येऊन तसं सांगणारच होतो, तेवढ्यात नंबराजवळ केसासारखं काहीतरी दिसलं. कारखान्यातली युक्ती केली. लाल औषध लावलं, पुसलं, वर पांढरी पावडर फवारली. भेग असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. उमटला. रेघ साताच्या खालच्या टोकातून निघून सरळ कानाच्या मुळाकडे गेली होती.

मी तसाच उताणा पडून राहिलो. बॉयलरची प्लेट इंचभर जाड, तिला पंचाचा ठोका म्हणजे हत्तीला टाचणी. इथे पत्रा तीन मिलिमीटरचा, वर सतत हादरे. साताच्या टोकदार खाचेने त्याला कुठून फाटायचं ते दाखवून दिलं होतं. जोड टिकला होता, माझ्या सहीने गाडी चिरली होती. एकोणीस वर्षांत आली नव्हती एवढी लाज मला त्या पाच मिनिटांत वाटली.

रस्ता वाईट आहे म्हटलं असतं तर त्याला पटलं असतं. रस्ता खरोखरच वाईट होता. मी बाहेर आलो आणि खरं ते सांगितलं.

"म्हंजी नंबर टाकल्यानं फाटली?"

"हो."

"मग बाकीच्यांचं काय?"

तोच प्रश्न होता. आणखी दहा गाड्या माझा नंबर पोटाखाली घेऊन पळत होत्या, आणि कान सुटला तर चाक कुठल्या दिशेला जाईल हे कुणाला सांगता येत नाही. त्याची गाडी मी ठेवून घेतली. नंबर घासून सपाट केला, भेग नव्याने जोडली. मग वही काढली. कुठल्या गाडीचा कुठला कान, हे लिहून ठेवायची खोडही कारखान्याचीच. बायको पत्ते वाचायची, मी स्कूटर काढायचो. चहाच्या टपऱ्यांवरच्या ड्रायव्हर लोकांत त्या पोराची ओळख मोठी, निम्म्या गाड्या त्यानेच पाठवल्या. आठवड्यात नऊ आल्या. चारांत लाल रेघ निघाली, नंबर मात्र सगळ्यांचेच घासून टाकले.

दहावी वारज्याला होती. मालकाचा मुलगा खराडीत नोकरीला असताना त्याने ती माझ्याकडे आणली होती, मग तो परदेशी गेला आणि गाडी वडिलांकडे आली. दार वडिलांनी उघडलं, पण साखळी काढली नाही.

"आपण?"

"तुमच्या गाडीचं वेल्डिंग मी केलंय. त्यात माझी चूक झालीय."

"आमची काही तक्रार नाही."

"तक्रार येण्याआधी आलोय. फुकट दुरुस्त करून देतो."

"पैसे न घेता दुरुस्ती करून देणाऱ्याला घरात घ्यावं असं माझं मत नाही."

"घरात नका घेऊ. पार्किंगमध्ये घ्या."

ते साखळी काढून खाली आले. मी सोसायटीच्या फरशीवर आडवा झालो, औषध लावलं, पुसलं, पावडर फवारली आणि दहा मिनिटं थांबलो. तेवढ्या वेळात ते दोनदा घड्याळाकडे बघून खाकरले. मग मी त्यांना वाकायला सांगितलं. गुडघे धरत, कुरकुरत ते वाकले. बॅटरीच्या उजेडात पांढऱ्यावर बोटभर लाल रेघ उमटली होती.

"परवा नातवंडांना घेऊन महाबळेश्वरला निघालो होतो," ते म्हणाले, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

अकराही गाड्या पुऱ्या झाल्यावर एके सकाळी टॅक्सीवाला आला आणि स्वतःच गाडीखाली डोकावला.

"काका, नंबर कुठाय?"

"आता टाकत नाही. तुला माहितेय की."

"आन् मला कसं कळायचं कुणी केलंय ते? उद्या मी गाडी विकली, तर घेणाऱ्यानं कुणाला धरायचं?"

त्याचं बरोबर होतं. कारखान्यात नंबर होता तो मिरवायला नव्हे, धरायला. हे मी एकोणीस वर्षं जाणत होतो आणि शेड टाकल्यावर सोयीस्कर विसरलो होतो. पिवळा ऑइलपेंट आणला, बारीक ब्रशने सबफ्रेमवर सदतीस काढला. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. चिखलपाण्यात रंग वर्षभरापेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलं, नंबर पुसट झाला की या.

येतात. वारज्याचे गृहस्थ तर दिवाळीनंतर न चुकता. दारात उभे राहून तक्रारीच्या सुरात म्हणतात, "तुमचा रंग काही टिकत नाही. जोड तरी ठीक आहे ना?"

मी चहाचा ग्लास खाली ठेवतो, आणि गाडीखाली जाऊन आल्याशिवाय उत्तर देत नाही.