फराळाचा डबा
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला कॅनडातल्या हॅमिल्टनच्या घराचं बेसमेंट आठवतं आणि दिराची नव्याने चीड येते. क्लबातल्या नेमबाजीसाठी घेतलेलं माझं पिस्तूल मी तिथेच तेल लावून पुसत बसायची. ते व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलामचा दीर विकत घेणार होता. लायसन्स त्याच्याकडेही होतं. मी फोनवर बजावलं, "भावजी, आधी नोंदणी तुमच्या नावावर ट्रान्सफर होऊ दे. मंजुरी आली की ट्रिगरला लॉक लावून, कुलूपबंद पेटीत, सही घेऊन देतात त्या पोस्टाने पाठवीन." तो भडकला. "घरातल्या घरात कसली मंजुरी, वहिनी? कोणीतरी इकडे येतच असतं, त्याच्याबरोबर द्या!" दिवाळीच्या आदल्या शनिवारी बेल वाजली. दारात त्याचा मित्र, ओले बूट, हातात बॅग, व्हँकुव्हरच्या फ्लाइटला निघालेला. "फराळाचा डबा द्या, वहिनी. चकल्या मोडू नयेत म्हणून मधोमध जागा ठेवलीय." फराळ पाठवायचं काही ठरलंच नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी दिराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "भावजी, डब्यातून काय न्यायचंय ते ह्यांना तुम्हीच सांगा." तो म्हणाला, "वहिनी, चारचौघांत माझा अपमान करू नका." शेवटी मीच सांगितलं, फराळाच्या नावाखाली त्याला पिस्तूल हवं होतं. मित्राचा चेहरा पांढरा पडला. बॅगेची चेन ओढून तो चहाही न घेता गेला. पिस्तूल मी क्लबातल्याच एकाला रीतसर विकलं. परवा इतक्या वर्षांनी दिराचा फोन आला, ओळखीचं कोणीतरी तुमच्याकडे येतंय, त्याच्याबरोबर लाडू पाठवतो. मी म्हटलं, "पोस्टाने पाठवा. सही करून घेईन."