काढून ठेवलेला वाटा

माझ्या सासूला राग येत नाही, असं आमच्या चाळीत सगळे म्हणतात. खोटं आहे. राग तिलाही येतो, पण तो बाहेर काढायचा कसा, हे तिला ठाऊक नाही. ते काम माझ्याकडे आहे. लालबागच्या आमच्या चाळीत लोक माझ्या तोंडाला भिऊन असतात आणि वाटीभर साखर मागायला तिच्याकडे येतात.

तिचं नाव लक्ष्मी. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. नवरा कुशाबा, म्हणजे माझे सासरे, परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या लग्नानंतर लवकरच संप लागला. पुढारी म्हणाले, तुमची देणी मिळणार. सरकार म्हणालं, मिळणार. मालक काहीच बोलला नाही, त्यानं जागा विकली. आता तिथे काचेचा टॉवर उभा आहे आणि त्याच्या खाली कॉफी मिळते. ती कॉफी मी एकदा प्यायले. कडू होती.

संपाच्या त्या दिवसांत सासूबाई रोज लालबागच्या बाजारात जायच्या, मासळीचा भाव विचारायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. तिथे राधाबाई नावाची एक कोळीण बसायची, प्रभादेवीच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली. तोंड माझ्यासारखंच. तिनं काही दिवस बघितलं आणि एकदा भर बाजारात हाक मारली, "काय गो, नुसता भाव इचारून पोट भरतं काय तुजं?" सासूबाईंना रडू कोसळलं. दुसऱ्या दिवशी पहाटे राधाबाई तिला कुलाब्याच्या धक्क्यावर, ती स्वतः सकाळी कोळंबी सोलायची तिथे, कामाला घेऊन गेली.

तेव्हापासून तिचं आयुष्य धक्क्यावरच्या सोलायच्या शेडमध्ये गेलं. बर्फातली कोळंबी, उकिडवं बसणं, मुंडकं मोडायचं, कवच ओढायचं, टबात टाकायचं. हाताची कातडी इतकी झिजली की बोटावरच्या रेषासुद्धा गेल्या. ही कोळंबी खोक्यात भरून परदेशात जायची. सोलणारीच्या ताटात ती क्वचितच यायची.

ताटात यायचा तो वाटा. बोटीवरचं बारीक, मोडकं म्हावरं उरलं, की शेडमधल्या बाया त्याचे ढीग घालायच्या. एका बाईला एक ढीग, एक वाटा. त्याचे दोन कायदे होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. वाटे घालणारीनं आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. म्हणजे ढीग आपोआप सारखे पडतात. आणि जी बाई आलेली नसेल, तिचा वाटा काढून ठेवायचा. काढून ठेवलेल्या वाट्याला कुणी हात लावत नाही, आणि जिचा असेल तीही "आहे ना गं?" म्हणून चौकशी करत नाही. तशी चौकशी करणं म्हणजे समोरचीला चोर म्हणणं.

माझा नवरा रघु तान्हा असताना तापानं फणफणला, म्हणून सासूबाई कामावर गेल्या नाहीत. परत गेल्या तेव्हा मजुरी बुडालेली, घरात पीठ नाही. राधाबाईनं मान न उचलता कोपऱ्याकडे बोट केलं. "तुजा वाटा काढून ठेवलाय." ओल्या गोणपाटाखाली, बर्फावर, बोंबील आणि मुठीएवढी कोळंबी. ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. "गिरणीन काय दिल्यान?" सासूबाई दर वेळी शेवटी विचारतात. "माका जां काय गावला, तां गोणपाटाखाली गावला."

राधाबाई गेली. तिचा धाकटा जयवंत धक्क्यावरच मुकादम झाला. हाच जयवंत लहानपणी त्या शेडमध्ये मासळीच्या खोक्यात झोपायचा आणि रडला की सासूबाई कोळंबीच्या हातानेच खोकं हलवायच्या. आता तो निर्यातवाल्या कंपनीला सोलणाऱ्या बाया पुरवतो. मनगटात कडं आहे, बोटात तीन अंगठ्या आहेत. सासूबाईंना मात्र अजून मावशी म्हणतो, आणि भेटला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार कधीच आवडला नाही. पण मला तर काहीच आवडत नाही, असं घरात सगळ्यांचं मत आहे.

मग ते जकातीचं भांडण सुरू झालं. आपली कोळंबी विकत घेणाऱ्या मोठ्या देशानं तिच्यावर जबर जकात बसवली. खोकी पडून राहिली, शेड बंद झाली. आपलं सरकारही चिडलं आणि त्यानं त्यांच्या बदामांवर जकात चढवली. भांडण दोन सरकारांचं, आणि घरी बसल्या कोण, तर लालबागची लक्ष्मी आणि तिच्या शेजारी बसून सोलणारी कोळीवाड्यातली मंजुळा. ह्या बायांनी आयुष्यात कुणावर जकात लावली नव्हती. बदामही खाल्ले नव्हते.

सासूबाई त्या वयातही कामावर जात होत्या. घरी करमत नाही, असं लोकांना सांगायच्या. खरं कारण असं की रघुच्या वॉचमनच्या पगारात आणि माझ्या माटुंग्याच्या पोळी-भाजी केंद्रातल्या पगारात घर ओढूनताणून चालतं. शेड बंद झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या औषधाच्या गोळ्या अर्ध्या करून खायला सुरुवात केली. मी पकडलं तेव्हा म्हणाल्या, "अर्धीन पण गुण येता गो."

एक दिवस जाहीर झालं, की बदामांच्या जकातीतून जमलेला पैसा जकातीच्या भांडणात मार खाल्लेल्यांना भरपाई म्हणून वाटायचा. तळ्यात कोळंबी वाढवणाऱ्या शेतकऱ्यांना, माल पाठवणाऱ्यांना, कामगार पुरवणाऱ्यांना. आणि सोलणाऱ्या बायांनाही, फक्त त्यांनी ठरल्या तारखेच्या आत स्वतः कचेरीत येऊन नाव सांगायचं. मी खरंच खूश झाले. म्हटलं, चला, जन्मात एकदा तरी सरकारचं डोकं ठिकाणावर आहे.

"आई, उद्याच जाऊन या. मी रजा टाकते, तुमच्याबरोबर येते."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "जावची गरज नाय. जयवंत येवन गेलो."

"काय म्हणाला?"

"म्हणालो, मावशी, तुमचे अंगठे त्या मशिनीत उमटणत नाय, कित्याक रांगेत मरतास? मी सगळ्यांचा बघतंय. तुमचो वाटो मी काढून ठेवलंय."

मी कपाळावर हात मारला. "आणि तुमचा विश्वास बसला?"

"राधाबाईचो झील तो."

"असेल! पण ही काय धक्क्यावरची मासळी आहे का, गोणपाटाखाली ठेवायला? निदान एकदा जाऊन विचारून तर या."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या पानात थुंकले. "काढून ठेवलेलो वाटो बघूक कोण जाता?"

त्यांना आणखी काय सांगणार? मंजुळा, शांती, शेडमधल्या सगळ्याजणी आमच्या खोलीत येऊन गेल्या. "लक्ष्मीमावशी, जायचं काय कचेरीत?" सगळ्यांना हिनं एकच सांगितलं. वाटा काढून ठेवलाय. जयवंतावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता, पण लक्ष्मीमावशीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी गेलं नाही. तारीख उलटली.

शेवटी न राहवून मीच कचेरीत गेले. खिडकीतला माणूस सभ्य होता, त्यामुळे तर जास्तच संताप आला. म्हणाला, पुरवठादाराला, म्हणजे जयवंताला, भरपाई मिळालेली आहे, त्याचं स्वतःचं नुकसान म्हणून. सोलणाऱ्या महिलांचा त्या धक्क्यावरून एकही दावा आलेला नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं नुकसान झालेलं नाही, असं धरलं जातं."

मी तिथे जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शिपायानं मला दारापर्यंत पोचवलं. ज्यांनी आयुष्यभर बर्फात हात घातले, त्यांचं नुकसान झालेलं नाही! ज्यानं टबात बोट बुडवलं नाही, त्याचं झालं! चीड येते नुसती. आजही येते.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी वाटप आसा. जयवंतान निरोप धाडल्यान हा. शेडीत सगळ्यांका बोलावल्यान." त्यांचा आवाज बारीक झाला होता. विश्वास होता की नुसता धरून ठेवलेला होता, मला कळेना. आता पणाला त्यांचे पैसे नव्हते, त्यांचा शब्द होता.

वाटपाच्या दिवशी मी बरोबर गेले. बंद शेड धुऊन घेतलेली, कोपऱ्यात तेच ओलं गोणपाट, झेंडूच्या माळा, दोन खुर्च्यांवर जयवंताचे पाहुणे. बाया नवी लुगडी नेसून, केसात फुलं माळून आलेल्या. जयवंतानं आधी आईच्या फोटोला हार घातला, मग भाषण केलं. म्हणाला, ज्या बदामांच्या जकातीतून आपल्या धंद्याला आधार मिळाला, तेच बदाम दिवाळीची भेट म्हणून प्रत्येक भगिनीला देतो आहे. आणि स्वतःच हसला. एकेक डबा. पावशेर असतील नसतील. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण म्हणतो. माझ्या सासूच्या तोंडात खरंच चार दात उरले आहेत. ती डबा हातात धरून उभी होती.

मागच्या रांगेपर्यंत डबे पुरले नाहीत. पाहुण्यांसाठी मात्र खुर्चीखाली थप्पी होती. मंजुळेला डबा मिळाला नव्हता. ती पुढे आली, पण जयवंताकडे नाही, सासूबाईंकडे. "मावशी, तू बोललीस म्हणून आम्ही गेलो नाय." एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. मी तिला फाडायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तुमचे सगळे डबे हयसर घेवन येवा," त्या बायांना म्हणाल्या. मग खुर्च्यांकडे जाऊन खाली वाकल्या, आणि पाहुण्यांच्या पायामागची थप्पी दोन्ही हातांनी उचलून आणली. पाहुण्यांनी पाय वर घेतले. सोलायच्या ओट्यावर त्यांनी एकेक डबा उपडा केला आणि वाटे घालायला लागल्या. एक मूठ इकडे, दोन दाणे तिकडे, पुन्हा एक दाणा मागे. त्या बायांनी आयुष्यभर हे बघितलं होतं, पण बदामांचे वाटे घालताना कुणी बघितलं नव्हतं.

"उचला."

बाया एकेक करून आल्या, पदरात वाटा घेऊन गेल्या. मंजुळेनं पहिला उचलला. शेवटी एक उरला, तो सासूबाईंनी घेतला आणि राधाबाईच्या फोटोपुढे नेऊन ठेवला. ओटा रिकामा झाला.

जयवंताला वाटलं, प्रसंग निभावला. पाहुण्यांकडे बघत, लाडात येऊन तो म्हणाला, "काय मावशी, आणि माझा वाटा?"

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. इतकी वर्षं साठलेलं सगळं त्या बघण्यात होतं. गिरणी, टॉवर, अर्ध्या गोळ्या, सगळं. आवाज मात्र नेहमीचाच.

"तुजो काढून ठेवलेलो आसा."

त्याचे डोळे आपोआप कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे गेले. राधाबाईचा मुलगा तो, जाणारच. मंजुळा शांतपणे कोपऱ्यात गेली, तिनं गोणपाट उचललं आणि त्याला खालची रिकामी, ओली फरशी दाखवली.